दृष्टी ६/६ आहे, एमआरआय नॉर्मल आहे, मग पाठीतलं पाणी कशाला काढायचं?

दादा, तुमचा प्रश्न दुपारी वाचला, ओपीडी उरकल्यावर आता निवांत बसून लिहितेय. लांब होईल, पण वाचा, आणि जमलं तर घरच्यांनाही वाचून दाखवा, कारण तुम्ही लिहिलंय त्यावरून निर्णय एकट्या तुमच्या हातात दिसत नाही.

तुम्ही सांगितलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझी समजण्यात गल्लत होत असेल तर सांगाल. तुमच्या मिसेसचं वय २९, राहायला जुळे सोलापूर. लग्नात वजन ६२ होतं, बाळंतपणानंतर वाढत वाढत आता ७८ किलो, उंची पाच फूट दोन इंच. तीन-चार महिन्यांपासून डोकं दुखतंय, सकाळी जास्त. आधी पित्ताचं म्हणून औषध झालं, मग चष्म्याचा नंबर बदलला, तरी फरक नाही. वाकून फरशी पुसताना किंवा झटकन उठलं की डोळ्यांपुढे काही सेकंद अंधारी येते आणि जाते. रात्री पडलं की कानात धडधड ऐकू येते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रॉप टाकून बघितलं आणि दोन्ही नसांना सूज आहे म्हणाले. एमआरआय केला, मेंदूत गाठ नाही. आता न्यूरोचे डॉक्टर पाठीतलं पाणी काढून प्रेशर बघू म्हणतायत, आणि तुमच्या आईचं म्हणणं, पोरीला नीट दिसतंय, रिपोर्ट चांगला आलाय, मग मणक्यात सुई कशाला टोचायची, उद्या पाय गेले तर.

आईंची भीती मला कळते, हा प्रश्न मला ओपीडीत नेहमी ऐकू येतो. मी इथंच सोलापुरात डोळ्यांची डॉक्टर आहे आणि असे पेशंट न्यूरोच्या डॉक्टरांसोबत मिळून बघते. तुमच्या मिसेसना मी तपासलेलं नाही, त्यामुळे पक्कं निदान इथं सांगणार नाही, ते बरोबरही होणार नाही. पण हे जे चित्र तुम्ही लिहिलंय ते बऱ्यापैकी ओळखीचं आहे, गाठ नसताना कवटीतलं प्रेशर वाढतं त्या आयआयएच नावाच्या आजाराचं, आणि यात घाई कुठं करायची नि कुठं नाही एवढं मी नक्की सांगू शकते.

घरात वाद सुईवरून चाललाय. माझ्या मते बोलायला पाहिजे ते डोळ्याच्या नसेबद्दल. ती नस सुजलीय म्हणजे तिच्यावर मागून दाब येतोय, हा दाब कशाचा आहे आणि तो सोसून ती किती दिवस टिकेल, सगळं इथं येऊन थांबतं.

हे नेमकं होतं कसं ते सांगते. मेंदूच्या आत आणि भोवती एक पाण्यासारखं द्रव असतं, सीएसएफ म्हणतात त्याला. मोठ्या माणसात कुठल्याही वेळी साधारण १२५ ते १५० मिली असतं, पण दिवसभरात तयार होतं जवळजवळ ५०० मिली, म्हणजे ते सतत बनतं आणि सतत मेंदूच्या मोठ्या शिरांमधून रक्तात शोषलं जातं. कवटी हाडाची, तिला फुगायला जागा नाही. निचरा कमी झाला की आतलं प्रेशर चढतं. आता डोळ्याची नस ही खरंतर मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे, मेंदूवर जी आवरणं असतात तीच तिच्यावर डोळ्यापर्यंत येतात आणि त्या आवरणाच्या आतही हेच पाणी असतं. त्यामुळे कवटीतलं प्रेशर सरळ डोळ्याच्या मागपर्यंत पोचतं, नसेतल्या तंतूंमधून जी आतली वाहतूक चालते ती तुंबते आणि नसेचं तोंड सुजतं. प्रेशरमुळे आलेल्या या सुजेला पॅपिलिडिमा म्हणतात. वाकल्यावर अंधारी येते तीही यातूनच, सुजलेल्या नसेचा रक्तपुरवठा आधीच काठावर असतो आणि क्षणभर कमी पडतो. कानात धडधड म्हणजे शिरेतल्या रक्ताचा आवाज. पित्ताने डोकं दुखतं, पण पित्ताने कानात नाडी वाजत नाही आणि वाकल्यावर अंधार होत नाही, एवढं आईंना नक्की सांगा.

आता ६/६ बद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो तेव्हा आम्ही फक्त नजरेचा मधला बारीक भाग तपासत असतो. या आजारात तो भाग बहुतेकदा शेवटी जातो. आधी आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात जो एक आंधळा ठिपका असतो तो मोठा होतो, मग नाकाच्या बाजूचा भाग खायला लागतो, मग कमानीसारखा पट्टा जातो, आणि पेशंटला कळत पण नाही कारण दोन्ही डोळे एकमेकांची कसर भरून काढतात. आपल्या सोलापुरी चादरीची कड उसवत आत आत येत असते आणि मधली नक्षी जशीच्या तशी दिसत असते, तसं हे आहे. पेशंट खुर्चीत बसून शेवटची ओळ धडाधडा वाचते, नातेवाईक म्हणतात बघा डॉक्टर सगळं वाचतेय, आणि फील्ड टेस्टचा, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं त्या तपासणीचा, कागद बाहेर येतो तर कडेला सगळं काळं. आणि गेलेली नस परत येत नाही. सूज उतरवता येते, दबलेले पण जिवंत असलेले तंतू सावरतात, पण मेलेला तंतू मेला. उलट कधीकधी सूज कमी दिसायला लागते ती नस वाळत चालल्यामुळे, कारण सुजायला तंतूच उरलेले नसतात, म्हणून नुसती सूज उतरली बघून खूश होऊन चालत नाही.

म्हणून पहिलं काम, फील्ड टेस्ट झालीय का बघा, काही ठिकाणी पेरिमेट्री म्हणतात. तुमच्या पोस्टमध्ये तिचा उल्लेखच नाही. झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या, एकेक डोळा झाकून मशीनमध्ये लाइट दिसला की बटण दाबायचं, दुखत नाही काही नाही. पहिल्यांदा करताना गडबड होते, रिपोर्ट खराब येतो, घाबरू नका, परत करता येते. सोबत ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांचा स्कॅन करा, त्यात नसेची सूज आकड्यात मोजता येते आणि पुढच्या वेळी तुलना करायला बरं पडतं.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगते, कारण नसेला सूज दिसली की प्रत्येक वेळी हाच आजार असतो असं नाही. काहींची नस जन्मतःच फुगीर दिसते, काहींच्या नसेत कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते डोळ्याच्या सोनोग्राफीत दिसतात, आणि अशा माणसाच्या पाठीत उगाच सुई जाऊ नये. पण तुमच्या मिसेसना लक्षणं एवढी जुळणारी आहेत की मला तरी सूज खरीच वाटतेय. दुसरं, ब्लड प्रेशर कुणी बघितलंय का? हसू नका, फार वाढलेल्या बीपीने दोन्ही नसा सुजतात आणि तरुण बाई म्हणून कुणी पट्टाच बांधत नाही. तिसरं हिमोग्लोबिन, खूप ॲनिमिया असेल तरी असं होऊ शकतं. आणि आपल्याकडे टीबीचा मेंदूज्वर विसरून चालत नाही, ताप, वजन उतरणं, मान आखडणं असलं काही असेल तर लगेच सांगा.

औषधांची यादी पण नीट आठवा. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन, किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, व्हिटॅमिन ए जास्त, बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड अचानक बंद केलेलं, यातलं काही असेल तर तेच कारण निघू शकतं. पुष्कळ जणी त्वचेच्या गोळ्यांना औषध धरतच नाहीत, मी विचारलं तर नाही म्हणतात आणि पर्समधून पाकीट निघतं.

एमआरआयचं बघा, नॉर्मल लिहिलंय म्हणजे मेंदूत गाठ, पाणी साठून फुगलेल्या पोकळ्या असं काही नाही, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण रिपोर्टमध्ये एमआर व्हेनोग्राम आहे का ते वाचा, म्हणजे मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरांचा फोटो. तिथं रक्ताची गुठळी अडकली तरी प्रेशर असंच वाढतं, लक्षणं अगदी हीच, साध्या एमआरआयमध्ये ती निसटू शकते, आणि तिचा इलाज पूर्ण वेगळा, रक्त पातळ करायचं औषध द्यावं लागतं. बाळंतपणानंतरचे आठवडे, संततिनियमनाच्या गोळ्या, उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी होणं या सगळ्यात हा धोका वाढतो. आणि एक खास विचारते, गड्ड्याची यात्रा, घरातली पूजा, लग्नकार्य यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्यात का? मेडिकलमधून आणून आपल्या मनाने घेतल्या जातात त्या, त्यात हार्मोन असतं. घेतल्या असतील तर न लाजता डॉक्टरांना सांगा. व्हेनोग्राम राहिला असेल तर तो आधी करून घ्या.

रिपोर्टमध्ये कधीकधी पार्शल एम्प्टी सेला (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची खोबण थोडी रिकामी दिसणं), डोळ्याचा मागचा भाग चपटा, नसेचं आवरण फुगलेलं असे शब्द असतात, लोक गूगल करून घाबरतात. ते वाढलेल्या प्रेशरच्याच खुणा आहेत, वेगळा आजार नाही. डोळा मागून चपटा झाला की चष्म्याचा नंबर पण बदलतो, तुमच्या मिसेसचा नंबर बदलला तो यामुळेही असू शकतो.

आता सुईकडे येते. हे सगळं नॉर्मल आलं की जो आजार उरतो त्याला इडिओपॅथिक इंट्राक्रेनिअल हायपरटेन्शन म्हणतात, आयआयएच. १९३७ साली वॉल्टर डँडी या अमेरिकन न्यूरोसर्जननी असेच २२ पेशंट मांडले होते, प्रेशर वाढलेलं पण गाठ नाही. हे निदान पक्कं करायचं तर प्रेशर मोजावंच लागतं, स्कॅनमध्ये प्रेशरचा आकडा येत नाही. आणि आईंना हे उलटं समजावून सांगा, की एमआरआय नॉर्मल आला म्हणूनच आता पाठीतलं पाणी सुरक्षितपणे काढता येतं. मेंदूत मोठी गाठ असती तर हेच डॉक्टर सुई लावायला धजले नसते.

पाय जायच्या भीतीबद्दल. मणक्यातली मुख्य मज्जारज्जू कमरेच्या वरच्या बाजूला, पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्याजवळच संपते. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे घालतात, तिथं पाण्यात सुटे तंतू असतात, ते सुईच्या वाटेतून बाजूला सरकतात. सिझेरियनला पाठीत भूल देतात ती सुई इथंच जाते, तुमच्या मिसेसचं सिझर झालं असेल तर त्यांना एकदा हे होऊन पण गेलंय. १८९१ पासून ही तपासणी होतेय, आपल्या सिव्हिलमध्येही नेहमीची आहे. त्रास होतो तो मुख्यतः नंतरच्या डोकेदुखीचा, उठून बसलं की दुखतं, आडवं पडलं की थांबतं, बहुतेकांचं काही दिवसांत जातं, बारीक आणि बोथट टोकाची सुई वापरली तर कमी होतं, तसं विचारायला हरकत नाही. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर मात्र आधी सांगायचं.

एक गोष्ट आवर्जून सांगा डॉक्टरांना, प्रेशर कुशीवर झोपवून, पाय थोडे सैल सोडायला लावून मोजायचं. पेशंट घाबरून श्वास कोंडून, गुडघे पोटात घट्ट दाबून पडली तर आकडा खोटा वाढतो, आणि नुसतं पाणी काढून लॅबला पाठवलं आणि प्रेशर मोजलंच नाही तर अर्धं काम वाया. मोठ्या माणसात २५ सेंटिमीटर पाण्याच्या वर असेल तर वाढलेलं, २० ते २५ मधे आलं तर बाकीचं चित्र बघून ठरवावं लागतं. पाण्याची तपासणी पण स्वच्छ यायला पाहिजे, पेशी वाढलेल्या असतील तर इन्फेक्शन शोधावं लागतं. आणि पाणी काढलं की कायमचं बरं वाटेल असं समजू नका, तासाला वीसेक मिली नवीन बनतं, काढलेलं थोड्या वेळात भरून येतं. ती मुख्यतः तपासणी आहे, परत परत करायचा इलाज नाही.

निदान ठरलं तर औषध बहुतेक ॲसिटाझोलामाइड सुरू होईल, डायमॉक्स नावाने मिळतं, ते हे पाणी बनायचं प्रमाण कमी करतं. २०१४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, १६५ पेशंट, त्यातल्या १६१ बायका, सरासरी वय २९ च्या आसपास, म्हणजे तुमच्या मिसेसएवढंच. त्यातल्या ८४ टक्क्यांना डोकेदुखी, ६८ टक्क्यांना अशी येऊन जाणारी अंधारी आणि ५२ टक्क्यांना कानातली धडधड होती, तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं. सगळ्यांना वजन कमी करायचा आहार दिला, अर्ध्यांना सोबत हे औषध, सहा महिन्यांनी औषधवाल्यांचं फील्ड जास्त सुधारलं. हा अभ्यास नजर थोडीच गेलेल्या पेशंटवर होता हे लक्षात ठेवायचं. डोस हळूहळू वाढवतात, प्रत्येकाला झेपतो तो वेगळा. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, सोडा-कोल्ड्रिंकची चव बिघडते, लघवी वाढते, गळल्यासारखं वाटतं, यातलं बरंच अपेक्षित आहे, घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. मुतखडा आधी झाला असेल किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि आपल्याकडे एप्रिल-मे मधे पारा ४२ च्या वर जातो, या औषधावर असताना पाणी कमी पडलं तर खडे व्हायची शक्यता वाढते, तेव्हा बाटली जवळ ठेवायचीच. पोटॅशियम आणि किडनीची तपासणी मधूनमधून.

पण मनापासून सांगते, गोळी वेळ काढून देते, आजार मुळातून हलवायचं काम वजन करतं. १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं तर आजार शांत होण्याची शक्यता चांगली असते, ७८ किलोला म्हणजे १२ किलो, पण ५ ते १० टक्क्यांतही, म्हणजे चार ते आठ किलोतही फरक जाणवू लागतो. हे त्यांना टोमणा म्हणून सांगू नका ओ, प्लीज. बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या बाईला सगळं घर येता-जाता बोलतच असतं, तिला हे इलाज म्हणून कळलं पाहिजे, आणि घराने साथ दिली पाहिजे. आपलं खाणं वाईट नाही, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक हे उत्तमच आहे. वजन चढतं ते शेंगाचटणीवर ओतलेल्या तेलाने, दिवसातल्या चार चहांच्या साखरेने, पोराच्या ताटात उरलेलं संपवण्याने, आणि उपासाच्या नावाखाली साबुदाणा-शेंगदाण्याने. मीठ कमी, पापड-लोणचं कमी. एकदम उपाशी राहून महिन्यात दहा किलो वगैरे नको, परत चढतं. आणि संध्याकाळी तासभर बाळाला तुम्ही सांभाळा, त्यांना चालायला जाऊ द्या, नुसत्या सल्ल्याने वजन उतरत नाही. घोरत असतील, दिवसा डुलक्या येत असतील तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, तोही बघून घ्या.

डोकेदुखीसाठी रोज गोळी चालू असेल तर तीही सांगा. महिन्यात दहा-पंधरा दिवसांच्या वर पेनकिलर गेली की ती स्वतःच डोकं दुखवायला लागते, आणि मग प्रेशर उतरलं तरी डोकं थांबत नाही नि लोक म्हणतात इलाज फेल गेला. स्टिरॉइड मात्र कुणाच्या सांगण्यावरून आपल्या मनाने घेऊ नका, त्याने वजन वाढतं आणि बंद करताना प्रेशर परत उसळतं.

ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. नजर झपाट्याने जात असेल किंवा औषध घेऊनही फील्ड आकसत असेल तेव्हा थांबायचं नसतं, मग पाणी पोटात सोडणारी शंटची नळी, किंवा डोळ्याच्या नसेच्या आवरणाला छोटी खिडकी पाडणं, काही ठिकाणी मेंदूच्या शिरेत स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी. नसेच्या खिडकीचं ऑपरेशन करणारे थोडेच असतात, त्यासाठी पुणे किंवा हैदराबादला जायची तयारी ठेवावी लागते. खर्चाची चिंता असेल तर सिव्हिलमध्ये किंवा योजनेच्या हॉस्पिटलमध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आधीच करून ठेवा.

अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जायचं कधी, ते पण लिहून ठेवते. अंधारी सेकंदात जात होती ती आता मिनिटं राहतेय, एका डोळ्याने धुरकट किंवा कडेने काळं दिसतंय, एकाचे दोन दिसतायत, उलट्या थांबत नाहीत, फिट आली, हातपाय किंवा बोलणं अडखळतंय, गुंगी येतेय. यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. आणि सध्या काही दिवस त्यांना एकटीने गाडी चालवू देऊ नका.

पुढे सगळं बरं चाललं तरी तपासणी सोडायची नाही. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, मग अंतर वाढवत नेतात, प्रत्येक वेळी फील्ड, नसेचा फोटो किंवा ओसीटी, आणि वजन. डोकं थांबलं म्हणून येणं बंद केलेले पेशंट वर्षा-दोन वर्षांनी नजर गेल्यावर उगवतात, आणि तेव्हा माझ्याकडे द्यायला फार काही नसतं. डोकेदुखी आणि नजर दोन्ही एकत्र चालतातच असं नाही. वजन परत चढलं की आजार परत येऊ शकतो. सगळे जुने कागद एका फाइलमध्ये ठेवा, फील्डचे तर झेरॉक्स काढून ठेवा, आम्हाला तुलना त्यावरूनच करायची असते.

शेवटी तुम्ही दुसऱ्या बाळाचं विचारलंय. या आजारात मूल होऊ द्यायचं नाही असं काही नाही. फक्त आत्ता लगेच नको, आधी निदान होऊ दे, नस शांत होऊ दे, थोडं वजन उतरू दे. गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, आणि टोपिरामेट नावाचं औषध दिलं असेल तर डॉक्टरांशी आधी ठरवल्याशिवाय दिवस राहू द्यायचे नाहीत, कारण ते बाळाला घातक ठरू शकतं आणि काही संततिनियमनाच्या गोळ्यांचा असरही कमी करतं. शिरेत गुठळी निघाली तर हार्मोनच्या गोळ्या नकोतच, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून कॉपर टी सारखा दुसरा उपाय बघा. नुसत्या आयआयएचसाठी सिझर करावं लागत नाही, ते बाळंतपणाच्या बाकी कारणांवर ठरतं. फील्ड आणि व्हेनोग्रामचं काय झालं ते इथंच लिहा, रिपोर्टवर नाव झाकून फोटो टाकला तरी चालेल, मी बघते.